विक्रमांच्या दप्तरातील न आखलेला रकाना

१५ मार्च १८७७ रोजी मेलबर्नच्या मैदानावर ज्या सामन्यास प्रारंभ झाला आणि ज्यास पुढे पहिला कसोटी सामना हा मान प्राप्त झाला, त्यात ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावातील एकूण २४५ धावांपैकी १६५ धावा एकट्या चार्ल्स बॅनरमन यांनी केल्या, आणि बोटास जबर दुखापत झाल्यामुळे नाइलाजाने तंबूत परतावे लागले, तेव्हाच त्यांची खेळी संपली. संघाच्या पूर्ण झालेल्या डावात एका फलंदाजाचा वाटा सदुसष्ट टक्क्यांहून अधिक असण्याचा हा उच्चांक, त्यानंतर अडीच हजारांहून अधिक कसोटी सामने खेळले जाऊनही, आजतागायत कोणास मोडता आलेला नाही. मात्र ज्या पुरुषाने कसोटी क्रिकेटमधील पहिला चेंडू खेळून काढला, पहिली धाव घेतली आणि पहिले शतक झळकावले, त्याच्या वाट्याला संपूर्ण आयुष्यात कसोटी सामने आले ते अवघे तीन.

क्रिकेटइतके काटेकोर दप्तर बाळगणारा दुसरा खेळ क्वचितच असेल. प्रत्येक चेंडूची नोंद, प्रत्येक धावेचा जमाखर्च आणि प्रत्येक बळीचा तपशील त्यात मिळतो, आणि दीडशे वर्षांचा हा संग्रह एखाद्या जुन्या संस्थानाच्या जमाबंदीच्या कागदांनाही हेवा वाटावा असा अखंड आहे. धावा, बळी, सरासरी, शतके, झेल असे सर्व रकाने त्यात आखलेले आहेत. परंतु त्या पराक्रमास किती संधी मिळाली, ती कोणी दिली, कोणी रोखून धरली आणि कोणाच्या दारापर्यंत ती कधी पोहोचलीच नाही, याचा रकाना मात्र त्या दप्तरात कोणीही आखलेला नाही. फलंदाजी-गोलंदाजीच्या उच्चांकांचा आढावा घेऊ पाहणाऱ्याने हा रकाना आपल्या हाताने आखून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये, अशी माझी धारणा आहे, आणि प्रस्तुत लेखाचा सारा खटाटोप त्यासाठीच आहे.

सर डोनाल्ड ब्रॅडमन यांची ९९.९४ ही सरासरी क्रिकेट जाणणाऱ्या प्रत्येकाला मुखोद्गत असते. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलच्या मैदानावर ते अखेरच्या डावासाठी उतरले, तेव्हा सरासरी पूर्ण शंभर होण्यास केवळ चार धावांची आवश्यकता होती, आणि एरिक हॉलिज यांच्या दुसऱ्याच चेंडूवर, एका गुगलीवर, ते शून्यावर त्रिफळाचीत झाले. या चार धावांविषयी हळहळ व्यक्त करण्याची प्रथाच पडून गेली आहे. मला त्यापेक्षा अधिक विचारार्ह वाटते ते हे, की १९२८ ते १९४८ अशा वीस वर्षांत त्यांना केवळ ५२ कसोटी सामने खेळावयास मिळाले, आणि त्यांच्या ऐन उमेदीतील काही वर्षे महायुद्धाने गिळंकृत केली. तरीही त्यांनी ६९९६ धावा आणि २९ शतके केली, १९३० च्या इंग्लंड दौऱ्यात पाच सामन्यांत ९७४ धावांचा जो डोंगर रचला तो आजही अबाधित आहे, आणि ज्यांना थोर फलंदाज म्हणून जग ओळखते त्यांच्यापैकी बहुतेकांची सरासरी पन्नास ते साठ यांच्या आसपास राहिलेली आहे. दोन व्यक्तींमधील एवढे अंतर दुसऱ्या कोणत्या खेळात आढळेल असे मला वाटत नाही. ब्रॅडमन यांची सरासरी हा क्रिकेटमधील सर्वश्रेष्ठ विक्रम होय, असा माझा निःशंक अभिप्राय आहे.

एकूण धावांची बेरीज ही निराळ्या जातीची गोष्ट आहे. तीत गुणवत्तेइतकाच दीर्घोद्योगाचा आणि उपलब्ध सामन्यांचाही भाग असतो. मुंबईच्या सुनील गावसकर यांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये आपल्या पहिल्याच मालिकेत चार सामन्यांत ७७४ धावा केल्या, डिसेंबर १९८३ मध्ये ब्रॅडमन यांचा २९ शतकांचा उच्चांक ओलांडला आणि मार्च १९८७ मध्ये अहमदाबाद येथे दहा हजार कसोटी धावांचा टप्पा जगात सर्वप्रथम गाठला. त्यांच्याच शहरातून पुढे आलेले सचिन तेंडुलकर १९८९ ते २०१३ अशी चोवीस वर्षे खेळले, आणि २०० कसोटी सामने, १५,९२१ धावा, ५१ शतके व एकदिवसीय सामन्यांत १८,४२६ धावा एवढे भांडवल मागे ठेवून वानखेडे मैदानावरून निवृत्त झाले. त्यांचे नव्याण्णवावे आंतरराष्ट्रीय शतक मार्च २०११ मध्ये नागपूरला झाले, तर शंभरावे वर्षभरानंतर मीरपूरला. मधल्या वर्षात कोट्यवधी लोकांच्या अपेक्षेचे जे ओझे त्यांनी वाहिले, त्याची नोंद करण्यास कोणताही धावफलक समर्थ नाही. इंग्लंडचे जो रूट २०२५ मध्ये कसोटी धावांच्या यादीत दुसऱ्या स्थानी आले आहेत. उद्या तेंडुलकर यांची बेरीज कोणी ओलांडली, तरी सोळाव्या वर्षी आरंभ करून चाळिशी गाठेपर्यंत धावांची भूक कायम ठेवणे ही जी त्यांची खरी थोरवी, तिला बाध येणार नाही.

एका डावातील सर्वोच्च धावसंख्येचा इतिहास अधिक रसभरित आहे. १९३८ मध्ये ओव्हलवर लेन हटन यांनी १३ तास १७ मिनिटे खेळपट्टीवर ठाण मांडून ३६४ धावा केल्या, तो सामना मुदतीचे बंधन नसलेला होता; आज पाच दिवसांच्या चौकटीत खेळणाऱ्याशी त्यांची तुलना करताना हे विसरता कामा नये. १९५८ मध्ये गॅरी सोबर्स यांनी किंग्स्टनला नाबाद ३६५ धावा केल्या, तो उच्चांक छत्तीस वर्षे टिकला; १९९४ मध्ये ब्रायन लारा यांनी अँटिग्वा येथे ३७५ धावा करून तो मोडला, मॅथ्यू हेडन यांनी २००३ मध्ये ३८० धावा करून लारा यांना मागे टाकले, आणि अवघ्या सहा महिन्यांनी लारा यांनी त्याच अँटिग्वाच्या मैदानावर नाबाद ४०० धावा करून आपले स्थान परत मिळवले. या परंपरेत दोन नावे अशी आहेत, की ज्यांनी हातातोंडाशी आलेला मान स्वेच्छेने सोडला. मार्क टेलर यांनी १९९८ मध्ये पेशावर येथे नाबाद ३३४ धावांवर, म्हणजे ब्रॅडमन यांच्या सर्वोच्च कसोटी धावसंख्येशी बरोबरी साधून, डाव घोषित केला. आणि जुलै २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे हंगामी कर्णधार विआन मुल्डर यांनी बुलावायो येथे नाबाद ३६७ धावांवर डाव सोडला व हा विक्रम लारा यांच्याकडेच राहावा अशी भावना व्यक्त केली.

येथे मला आपल्या घरच्या एका खेळीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ती आंतरराष्ट्रीय नव्हती, परंतु आंतरराष्ट्रीय विक्रमांच्या चर्चेत ती आणणे मी माझे कर्तव्य समजतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला रणजी करंडक स्पर्धेत काठियावाडविरुद्ध खेळताना कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकर यांच्यासह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी रचली होती, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या, आणि प्रथम श्रेणीतील तत्कालीन जागतिक उच्चांक, म्हणजे ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावा, अवघ्या नऊ धावांवर होता. खेळाच्या मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून देऊन संघासह ते निघून गेले. टेलर आणि मुल्डर यांनी जे सोडले ते आपल्या हाताने सोडले. निंबाळकरांना मात्र दोन-तीन षटकांचा खेळ मिळता तर पुरे होता, तोही नाकारला गेला. एवढी खेळी करणाऱ्या या फलंदाजास भारताकडून एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही, ही आपल्या निवड पद्धतीवरील कायमची फिर्याद आहे.

गोलंदाजीच्या प्रांतात संधीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण गोलंदाजाचे यश खेळपट्टीवर आणि दुसऱ्या टोकाच्या सहकाऱ्यावरही अवलंबून असते. सिडनी बार्न्स यांनी २७ कसोटी सामन्यांत १८९ बळी मिळविले आणि १९१३-१४ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात केवळ चार सामन्यांत ४९. एका मालिकेतील हा उच्चांक शतक उलटून गेले तरी उभा आहे. जुलै १९५६ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर जिम लेकर यांनी ऑस्ट्रेलियाचे ९० धावांत १९ बळी घेतले. खेळपट्टी फिरकीस अनुकूल होती, हे खरे. परंतु त्याच खेळपट्टीवर दुसऱ्या टोकाकडून टोनी लॉक यांच्यासारख्या अव्वल फिरकी गोलंदाजाने लेकर यांच्यापेक्षाही एक षटक अधिक टाकले, आणि त्यांच्या हाती लागला तो एकच बळी. लेकर यांच्या पराक्रमाचे मोजमाप करावयाचे तर लॉक यांच्या त्या ६९ षटकांनीच करावे. डावात दहाही बळी घेण्याचा पराक्रम पुढे अनिल कुंबळे यांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीस आणि न्यूझीलंडच्या एजाझ पटेल यांनी डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर केला. पटेल यांचा जन्म मुंबईचाच. जन्मभूमीत हे असामान्य यश मिळूनही त्यांचा संघ ३७२ धावांनी पराभूत झाला. मुथय्या मुरलीधरन यांचे ८०० बळी ही या प्रांतातील सर्वोच्च बेरीज. शेवटच्या सामन्यापूर्वी त्यांचे ७९२ बळी झाले होते आणि निवृत्ती आधीच जाहीर झाली होती, तरी गॉल येथे जुलै २०१० मध्ये त्यांनी उरलेले आठही मिळविले.

आपल्या सुभाष गुप्ते यांचे नाव या मालिकेत किती वर गेले असते, याचा विचार मनास चटका लावतो. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी १०२ धावांत नऊ बळी घेतले; उरलेला एक पुण्याचे वसंत रांजणे यांच्या वाट्यास गेला. ३६ कसोटी सामन्यांत १४९ बळी घेतलेला हा लेगब्रेक गोलंदाज १९६१ च्या अखेरीस, ज्यात त्याचा स्वतःचा काही अपराध नव्हता अशा मैदानाबाहेरील एका प्रकरणावरून संघातून वगळला गेला आणि पुन्हा कधीही निवडला गेला नाही. तेव्हा त्याचे वय होते ३२.

नाशिकचे बापू नाडकर्णी यांचा विक्रम तर दप्तरात असूनही नसल्यासारखा आहे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या डावात त्यांनी ३२ षटके टाकली, त्यांपैकी २७ निर्धाव होती, आणि दिलेल्या धावा एकूण पाच. त्यात सलग २१ षटके निर्धाव टाकण्याचा उच्चांक त्यांनी प्रस्थापित केला, जो साठ वर्षांत कोणी गाठलेला नाही. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याचा त्यांचा परिपाठ होता, असे सांगतात. बळींच्या रकान्यात शून्य असल्यामुळे हा पराक्रम हिशेबात कनिष्ठ ठरतो. पण फलंदाजास पाऊल पुढे टाकू न देता, कंटाळा, मोह आणि थकवा या तिघांनाही दूर ठेवून, तासन्‌तास एकाच टप्प्यावर चेंडू टाकीत राहणे ही गोलंदाजीच्या शास्त्रातील पराकोटीची शिस्त आहे, आणि मी तिला पाच बळींपेक्षा कमी लेखणार नाही.

आता त्या न आखलेल्या रकान्याची सर्वांत मोठी बाकी: महिलांचे क्रिकेट. एकाच कसोटी सामन्यात शतक आणि दहा बळी असा दुहेरी पराक्रम प्रथम कोणी केला, असे विचारल्यास बहुतेक जाणकार इयान बोथम यांचे नाव घेतात, कारण फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर ११४ धावा आणि १३ बळी ही त्यांची कामगिरी आपल्याकडील अनेकांनी डोळ्यांनी पाहिली. वस्तुतः त्यापूर्वी बावीस वर्षे, फेब्रुवारी १९५८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या बेटी विल्सन यांनी मेलबर्नजवळील सेंट किल्डा येथे इंग्लंडविरुद्ध शतक झळकावून १६ धावांत ११ बळी घेतले होते. त्यांना कारकिर्दीत मिळालेले कसोटी सामने ११. एकदिवसीय सामन्यातील पहिले द्विशतक २०१० मध्ये ग्वाल्हेरला तेंडुलकरांनी केले, असेच आपण सांगत आलो. पण त्याआधी १६ डिसेंबर १९९७ रोजी, तेंडुलकरांच्याच मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर बेलिंडा क्लार्क यांनी विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या. नीतू डेव्हिड यांनी १९९५ मध्ये जमशेदपूरला इंग्लंडचे ५३ धावांत आठ बळी घेतले, तो महिलांच्या कसोटीतील डावातील उच्चांक आहे. किती घरांत हे ठाऊक असेल?

मिताली राज यांनी २००२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, टाँटन येथे २१४ धावांची विक्रमी खेळी केली, आणि त्या कसोटीनंतर जवळजवळ दोन दशके खेळूनही त्यांचे एकूण कसोटी सामने झाले १२. झुलन गोस्वामी यांचेही १२. नोव्हेंबर २०१४ पासून जून २०२१ पर्यंत तर भारतीय महिला संघास एकही कसोटी सामना मिळाला नाही. संधी दिली की काय घडते हे लगेच दिसून आले: डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत इंग्लंडवर ३४७ धावांनी विजय, महिलांच्या कसोटीतील धावांच्या फरकाने सर्वांत मोठा, त्याच महिन्यात वानखेडेवर ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय, आणि जून २०२४ मध्ये चेन्नईत शफाली वर्मा व स्मृती मानधना यांची २९२ धावांची सलामी, हाही जागतिक उच्चांक.  

हा न आखलेला रकाना भरून निघावा म्हणून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिलांच्या प्रत्येक मालिकेत किमान एक आणि प्रमुख प्रतिस्पर्ध्यांशी तीन कसोटी सामने ठेवावेत, त्यांपैकी काही पुणे आणि नागपूर येथे भरवावेत, आणि हे सामने भरतील तेव्हा मराठी क्रिकेटरसिकांनी सहकुटुंब जाऊन प्रेक्षागृहे भरावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.