ब्रायर पाइप

ब्रायर पाइप हा तंबाखू ओढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडी पाइपचा एक प्रकार आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीखाली तयार होणाऱ्या कठीण गाठीपासून तो बनवितात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील सँ-क्लोद या गावात या लाकडाचे पाइप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. पुढील काही दशकांत त्यांनी माती व मीरशॉम यांच्या पाइपांची जागा घेतली. सिगारेटच्या प्रसारानंतर पाइप ओढणाऱ्यांची संख्या घटली, तरी जुने व हस्तनिर्मित ब्रायर पाइप जगभर संग्राह्य वस्तू मानले जातात.

नाव

'ब्रायर' हा शब्द फ्रेंच भाषेतील 'ब्रुयेर' या शब्दावरून इंग्रजीत आला. हीथ गटातील झुडपांना फ्रेंचमध्ये ब्रुयेर म्हणतात. इंग्रजीत काटेरी जंगली गुलाबालाही ब्रायर म्हणत असल्याने पाइप गुलाबाच्या मुळापासून बनतात, असा गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात या दोन वनस्पतींचा परस्परांशी संबंध नाही. एरिका आर्बोरिया ही एरिकेसी कुलातील वनस्पती आहे. हिमालयातील ऱ्होडोडेंड्रॉन ही वनस्पतीही याच कुलातील आहे.

रचना

पाइपचे तीन मुख्य भाग असतात. ज्यात तंबाखू भरतात ती वाटी, वाटीला जोडलेली लाकडी दांडी आणि तोंडात धरण्याची मुखनळी. वाटी व दांडी लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेली असतात. मुखनळी वेगळी बनवून दांडीत घट्ट बसवितात. ती बहुधा एबोनाइट या गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची किंवा ॲक्रिलिकची असते. दांडीतून जाणारे छिद्र वाटीच्या तळाशी अगदी मध्यभागी उघडणे महत्त्वाचे असते. ते वर उघडल्यास तळाची तंबाखू न जळता ओली राहते.

पार्श्वभूमी

पाइपमधून तंबाखू ओढण्याची प्रथा अमेरिकेतील मूलनिवासी समाजांत प्राचीन काळापासून होती. १४९२ नंतर युरोपीय लोकांचा तंबाखूशी परिचय झाला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मातीचे पाइप तयार होऊ लागले. नेदरलँड्समधील खौदा हे शहर मातीच्या पाइपांसाठी प्रसिद्ध होते. हे पाइप स्वस्त होते, परंतु ते हातात तापत आणि सहज फुटत. तुर्कस्तानातील एस्किशेहिर परिसरात सापडणाऱ्या मीरशॉम या पांढऱ्या, मऊ खनिजाचे पाइप अठराव्या शतकापासून लोकप्रिय झाले. मीरशॉम या जर्मन शब्दाचा अर्थ 'समुद्राचा फेस' असा आहे. या खनिजावर बारीक कोरीव काम करता येते आणि ते उष्णताही सहन करते, पण ते महाग व नाजूक असते. चेरीसारख्या लाकडांचे पाइप हलके असले, तरी वाटी आतून जळण्याचा दोष त्यांत होता.

दक्षिण आशियात हुक्का व चिलीम ही साधने रूढ झाली. पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये आलेली तंबाखू मुघल अधिकारी असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून नेऊन अकबरासमोर सादर केली. ब्रायर पाइप भारतात आला तो त्यानंतर फार उशिरा, ब्रिटिश काळात. त्यामुळे शहरी उच्चभ्रू वर्गापलीकडे त्याचा फारसा प्रसार झाला नाही.

सँ-क्लोद व ब्रायरचा उदय

सँ-क्लोद हे फ्रान्सच्या पूर्वेकडील जुरा पर्वतातील गाव तीर्थक्षेत्र होते. यात्रेकरूंसाठी जपमाळा व लहान लाकडी वस्तू बनविणारे कुशल कातारी तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. पाइपच्या मुखनळ्याही तेथे बनत. १८५० च्या दशकात भूमध्य परिसरातील ब्रायर त्यांच्या हाती आले. उष्णता सहन करणारे, न फुटणारे आणि कातकामास योग्य असे हे लाकूड त्यांच्या कौशल्यास साजेसे ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गाव जगातील पाइपनिर्मितीचे प्रमुख केंद्र बनले. तेथील कोमॉय कुटुंबातील आंरी कोमॉय यांनी पुढे लंडनमध्ये कारखाना काढला. सँ-क्लोद येथे आज पाइप व हिरे यांचे संग्रहालय आहे.

लाकूड

एरिका आर्बोरिया हे कोरड्या, खडकाळ आणि वारंवार वणवे लागणाऱ्या उतारांवर वाढते. इटलीतील कलाब्रिया, तोस्काना व लिगुरिया हे प्रदेश, सार्डिनिया व कॉर्सिका ही बेटे, तसेच ग्रीस, स्पेन व अल्जीरिया येथून पाइपसाठी लाकूड मिळविले जाते. वणव्यात झुडपाचा वरचा भाग जळाला, तरी जमिनीखालील गाठीतील कळ्या व साठविलेले अन्न यांच्या बळावर ते पुन्हा फुटते. हीच गाठ पाइपसाठी वापरतात. तिचे लाकूड घट्ट असते, त्यात सिलिकाचा अंश असतो आणि धुरातील ओलावा ते काही प्रमाणात शोषून घेते. त्यामुळे वाटी आतून सहसा जळत नाही आणि बाहेरून फार तापत नाही.

पाइपयोग्य आकाराची गाठ तयार होण्यास साधारणपणे ३० ते ६० वर्षे लागतात. गाठ खणून काढल्यावर झुडपाची पुन्हा फुटण्याची क्षमता संपते. त्यामुळे एका पिढीने काढलेल्या गाठीच्या जागी नवी गाठ मिळण्यास दुसरी पिढी जावी लागते. हे लाकूड पिकाप्रमाणे दरवर्षी वाढविता येत नाही, ही या व्यवसायाची मूलभूत मर्यादा आहे.

निर्मिती

खणून काढलेली गाठ सुकल्यास तडकते, म्हणून ती कापली जाईपर्यंत ओलसर ठेवतात. अनुभवी कारागीर गोल करवतीवर तिचे तुकडे करतो. आतील कुजका, तडकलेला किंवा दगड शिरलेला भाग काढून टाकावा लागत असल्याने गाठीचा मोठा हिस्सा वाया जातो. हे तुकडे पाण्यात कित्येक तास उकळतात. त्यामुळे लाकडातील रस व टॅनिन निघून जाते. उकळले नाही, तर पाइपला कडवट चव येते. त्यानंतर तुकडे सावलीत कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे वाळवितात.

कारखान्यात यंत्रावर वाटी व छिद्रे पाडून ठरावीक आकार दिला जातो. हस्तनिर्मितीत कारागीर प्रथम लाकडातील रेषांची दिशा पाहतो आणि तिला अनुसरून आकार ठरवितो. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या तुकड्यात आत बारीक पोकळी निघू शकते आणि ती काम बरेच पुढे गेल्यावरच दिसते. अशा वेळी पोकळी लुकणाने भरतात, पृष्ठभाग खडबडीत करतात किंवा तुकडा टाकून देतात. उत्तम प्रतीच्या पाइपांच्या चढ्या किमतीचे हे एक प्रमुख कारण आहे.

आकार व पृष्ठभाग

पाइपचे आकार परंपरेने निश्चित झाले आहेत. सरळ दांडी व उभी वाटी असलेला बिलियर्ड, गोलसर वाटीचा ॲपल, वर रुंद होत जाणारा डब्लिन, कंगोरेदार वाटीचा बुलडॉग आणि लांब दांडीचा कॅनेडियन हे त्यांतील प्रमुख होत. बहुतेक आकारांत वाकड्या दांडीचे प्रकारही मिळतात.

पृष्ठभागाचे तीन मुख्य प्रकार आहेत. गुळगुळीत पाइपात लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसतात. वाटीभोवती समांतर उभ्या रेषा असणारे पाइप दुर्मीळ व महाग असतात. रेषांची टोके पृष्ठभागावर आली की बारीक वर्तुळे दिसतात, त्यांना 'पक्ष्याचा डोळा' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात वाळूच्या माऱ्याने लाकडाचा मऊ भाग झिजवून कठीण रेषा उठावदार करतात. तिसऱ्या प्रकारात हत्याराने पृष्ठभागावर खाचा कोरतात.

प्रमुख निर्माते

पीटरसन: डब्लिन येथील काप बंधूंच्या दुकानात लाटव्हियाहून आलेले चार्ल्स पीटरसन सहभागी झाले. १८९० च्या दशकात त्यांनी दांडीत ओलावा साठविणारी पोकळी असलेला 'सिस्टिम' पाइप प्रचारात आणला.

डनहिल: आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान उघडले आणि काही वर्षांतच पाइपनिर्मिती सुरू केली. मुखनळीची वरची बाजू ओळखता यावी म्हणून तिच्यावर बसविलेला पांढरा ठिपका पुढे कंपनीची ओळख बनला. वाळूच्या माऱ्याने घडविलेल्या 'शेल' पाइपचे पेटंटही याच कंपनीने घेतले.

साव्हिनेल्ली: या इटालियन नावाचा आरंभ १८७६ मध्ये मिलानमधील एका दुकानापासून झाला.

स्टॅनवेल: दुसऱ्या महायुद्धात ब्रायरची आवक थांबल्याने डेन्मार्कमध्ये पौल नील्सन यांनी १९४२ मध्ये बीच लाकडाचे पाइप बनविण्यास सुरुवात केली. युद्धानंतर हा कारखाना ब्रायरकडे वळला आणि त्याने इंग्रजी धाटणीचे 'स्टॅनवेल' हे नाव घेतले.

स्वीडनमध्ये जन्मलेले आणि कोपनहेगनमध्ये काम करणारे सिक्स्टन इव्हार्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास लाकडातील रेषांप्रमाणे मुक्त आकार घडविण्याची पद्धत रुजविली. त्यांच्या प्रभावातून डॅनिश शैली विकसित झाली. जपानमधील कारागिरांनीही तिचा अंगीकार केला.

संग्रह

संग्राहक एखादा निर्माता, आकार किंवा कालखंड निवडून संग्रह करतात. वापरून पुन्हा विक्रीस आलेल्या पाइपला 'इस्टेट पाइप' म्हणतात. पाइपचा काळ ठरविण्याचे मुख्य साधन म्हणजे दांडीवरील ठसे. डनहिल पाइपांवर १९२० च्या दशकापासून निर्मितीवर्षाचा संकेत देणारा लहान आकडा आढळतो. चांदीचे कडे असलेल्या इंग्रजी व आयरिश पाइपांवर चांदीच्या शुद्धतेचा शासकीय ठसा असतो आणि त्यातील अक्षरावरून वर्ष कळते. पीटरसन पाइपांवरील देशाचे नावही उपयोगी पडते. 'आयरिश फ्री स्टेट' असा ठसा असलेला पाइप १९२२ मध्ये ते राज्य स्थापन होण्यापूर्वीचा असू शकत नाही, तर 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' हा ठसा १९४९ नंतरच्या काळाकडे निर्देश करतो. पाइपला वारंवार चकाकी दिल्याने हे ठसे पुसट होतात. त्यामुळे मूळ ठसे शाबूत असलेला मळका पाइप चकचकीत केलेल्या पाइपपेक्षा मौल्यवान ठरू शकतो.

वापराने वाटीच्या आत काजळीचा थर साचतो. पातळ थर लाकडाचे रक्षण करतो, पण तो जाड झाल्यास उष्णतेने वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावून वाटीला तडा पाडतो. म्हणून तो वेळोवेळी खरवडून साधारण १ मिलिमीटर इतका ठेवतात. पाइप ओढल्यानंतर दांडी लोकरी तारेने साफ करतात आणि लाकूड सुकण्यासाठी तो किमान एक दिवस वापरत नाहीत. नियमित पाइप ओढणाऱ्यांकडे एकाहून अधिक पाइप असण्याचे हे व्यावहारिक कारण आहे. एबोनाइटची मुखनळी उन्हाने व हवेने हिरवट-पिवळी पडते. ॲक्रिलिकमध्ये हा दोष नसतो, परंतु ते दातांना अधिक कठीण लागते.

आरोग्यावरील परिणाम

पाइप ओढणारे धूर बहुधा छातीत घेत नाहीत. त्यामुळे पाइप निरुपद्रवी असतो, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. तो चुकीचा आहे. पाइपच्या तंबाखूचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक आम्लारीधर्मी असल्याने त्यातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शोषले जाते आणि व्यसन जडू शकते. जर्मन वैद्य सॅम्युएल थॉमस फॉन झ्योमरिंग यांनी १७९५ मध्येच पाइप ओढणाऱ्यांमधील ओठाच्या कर्करोगाची नोंद केली होती. ओठ, तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुस यांचे कर्करोग, तसेच हृदयविकार यांचा धोका पाइपमुळे वाढतो. लाकडाचा दर्जा किंवा गाळणी यांमुळे हा धोका नाहीसा होत नाही.

भारतात 'सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायदा, २००३' यातील उत्पादनांच्या यादीत पाइपच्या तंबाखूचा समावेश आहे. १८ वर्षांखालील व्यक्तींना ती विकणे आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणे यांस या कायद्याने मनाई आहे. अनेक संग्राहक पाइप न ओढता केवळ लाकूडकामाचे नमुने म्हणून जतन करतात.

कला व साहित्यात

आर्थर कॉनन डॉइल यांच्या कथांत शेरलॉक होम्स माती, ब्रायर व चेरी यांचे पाइप ओढतो. त्याच्या चित्रांत नेहमी दिसणारा, भोपळ्यापासून बनविलेला वाकडा कॅलाबॅश पाइप मूळ कथांत आढळत नाही. बेल्जियन चित्रकार रेने माग्रित यांच्या १९२९ मधील 'प्रतिमांचा विश्वासघात' या चित्रात पाइपच्या हुबेहूब चित्राखाली तो पाइप नसल्याचे लिहिलेले आहे. वस्तू आणि तिची प्रतिमा यांतील भेद दाखविणारे हे चित्र विसाव्या शतकातील बहुचर्चित कलाकृतींपैकी एक आहे.