भूगोलाचा तास (भाग ७) : नदी काळी का?

२३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा होता. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला गेला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण दिले गेले. हेच गणिताच्या बाबतीत घडले असते तर केवढा गहजब झाला असता! भूगोलासाठी कोणी फारसे हळहळले नाही. उलट चाळीस मार्कांचे पाठांतर वाचले म्हणून मुले खूश. विषयाची पत अशी का घसरली याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी मला सगळ्यांत मोठे वाटते ते आज घेतो : आपल्याकडे मूल दहा वर्षे भूगोल शिकते आणि स्वतःच्या तालुक्याचा नकाशा एकदाही हातात न धरता शाळेतून बाहेर पडते.

गेल्या भागात आपण पृथ्वीगोल आणि ॲटलास पाहिले. आजचा विषय स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे कॉलेजात सगळे ज्याला टोपोशीट म्हणतात तो. हे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. हा विभाग १७६७ सालचा, मुख्यालय डेहराडूनला. १:५०,००० प्रमाणाच्या एका शीटवर पंधरा मिनिटे अक्षांश आणि पंधरा मिनिटे रेखांश एवढा प्रदेश मावतो, आपल्या भागात साधारण सव्वासातशे चौरस किलोमीटर. नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पुणे शहर ४७ एफ/१४ या शीटवर आहे. हा क्रमांक परीक्षेपुरता पाठ करायचा नसतो, तो पत्ता असतो. ४७ म्हणजे चार अंश बाय चार अंशांचा मोठा चौकोन, एफ हा त्यातला एक अंशाचा तुकडा आणि १४ हा त्या तुकड्याचा सोळावा हिस्सा. (या सगळ्या मोजणीची सुरुवात ज्या विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासला केली, तो १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या किती शाळांची सहल तिथे जाते, हा प्रश्न विचारून ठेवतो.)

आता शीट उघडू. देशावरची कुठलीही घ्या. मुलांची पहिली गडबड हमखास नद्यांवरून होते. नदी निळी, हे पहिलीपासून डोक्यात बसलेले. इथे मात्र मोठ्या नदीचा पट्टा सोडला तर डोंगरातून उतरणाऱ्या बारीक रेषांचे जाळे काळे असते. मुले त्यांना पाऊलवाटा समजतात, कोणी शिवेच्या रेषा म्हणते. त्या रेषा ओढ्यांच्या आहेत. सर्वेक्षणाच्या खुणांत बारमाही पाणी निळे आणि कोरडे पडणारे पात्र काळे दाखवतात. आपले बहुतेक ओढे पावसाळा संपला की आटतात, म्हणून ते काळे. हे नुसते सांगून टाकले तर फुकट जाते. मुलांनाच विचारावे : तुमच्या गावचा ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो? दिवाळीपर्यंत? होळीला त्यात क्रिकेट खेळता का? मग रंग कोणता, हे ती आपणच सांगतात. पाणलोट, टंचाई, टँकर असे पुढचे चार धडे त्या एका काळ्या रेषेवर उभे राहू शकतात.

दुसरी गोष्ट तपकिरी रेषांची. समोच्च रेषा सातवीत येतात आणि बहुतेकांच्या डोक्यावरून जातात, कारण त्या ज्या डोंगराच्या असतात तो डोंगर कुठेच नसतो. फळ्यावर चार अंडाकृती काढायच्या, मध्ये ‘टेकडी’ लिहायचे, संपले. त्याऐवजी ४७ एफ/१५ घ्या. सिंहगड या शीटच्या अगदी पश्चिम कडेजवळ आहे. डोंगररांग पुढे सरकते ती शेजारच्या ४७ एफ/११ वर, म्हणून दोन शीट जोडूनच मांडाव्या लागतात. दोन रेषांमधले अंतर वीस मीटर, दर पाचवी रेषा जाड. पट्टी ठेवून मोजायला लावा. एका सेंटिमीटरात दहा रेषा आल्या तर अर्ध्या किलोमीटरात दोनशे मीटर चढ, म्हणजे छातीचा भाता. पायथ्याच्या सपाटीला दोन रेषांत दोन सेंटिमीटरचे अंतर असेल तर किलोमीटरला वीस मीटर. तिथे एसटी टॉप गिअरमध्ये जाते.

खरी गंमत याच्या पुढे आहे. सह्याद्रीच्या शीटवर रेषा सारख्या अंतराने कधीच चढत नाहीत. त्या एकदम दाटतात, मग सुटतात, पुन्हा दाटतात. जिथे दाटतात तिथे कातळकडा, जिथे सुटतात तिथे माची किंवा सपाटी. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. घट्ट थरांचे कडे झाले आणि सच्छिद्र थर झिजून उतार झाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही हकीकत नकाशावर रेषांच्या दाटीत उतरलेली असते. इंग्रजी व्हीसारख्या आकाराचे टोक चढाच्या बाजूला असेल तर ती घळ, उताराच्या बाजूला असेल तर सोंड. हा नियम मुले दरवर्षी उलटा लिहितात. गड चढलेल्या मुलाला तो पाठ करावा लागत नाही. सोंडेवरून चढायचे आणि घळीत पाणी मिळते, हे त्याला पायांनी माहीत असते.

शाळेत काय होते? दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. ही कल्पना मला मनापासून आवडते. दोन देश शेजारी ठेवले की दोन्ही नीट दिसतात. पण माण तालुक्यातली मुलगी ब्राझीलच्या अवर्षण चतुष्कोनाची कारणे लिहिते, अजस्र कड्यामुळे पाऊस कसा अडतो हे सांगते आणि दहिवडीत पाऊस का कमी पडतो हे कोणी तिला विचारतच नाही. सह्याद्री हाही कडाच आहे, तीही पर्जन्यछायेतच राहते. तुलना हीच करायची होती! त्याच पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गहून अलिबागपर्यंतचा प्रवास त्यात आहे. बऱ्याच वर्गांत हा प्रवास वाचून दाखवला जातो आणि त्यावर प्रश्नोत्तरे लिहून घेतली जातात. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. अनेक शाळांत इतिहासाच्या किंवा भाषेच्या शिक्षकाकडे भूगोलाचे तास चिकटवलेले असतात. ज्याने स्वतः टोपोशीट पाहिली नाही, त्याने ती शिकवायची कशी?

कॉलेजात शीट असते, पण तिचीही पोथी होते. प्रात्यक्षिकाला वर्षानुवर्षे त्याच ठरावीक शीट कपाटातून निघतात. प्राकृतिक रचना, जलप्रणाली, वनस्पती, वसाहती, वाहतूक या क्रमाने उत्तर लिहायचे. ‘वसाहती रेषीय व विखुरलेल्या आहेत’ हे वाक्य शीट कोणतीही असो, चालून जाते. आता क्यूजीआयएस आले. मुले संगणकावर समोच्च रेषा सुबक गिरवतात, पण या रेषांवरून पाणी कुठल्या बाजूला जाईल, एवढे तोंडी विचारले की गप्प. सॉफ्टवेअर शिकवू नये असे मी म्हणत नाही. आधी बोटाने वाचता यावे, मग माऊसने.

नकाशे मिळत नाहीत, ही सबब पूर्वी खरी होती. सीमेलगतच्या आणि किनारपट्टीच्या शीट प्रतिबंधित असत, त्यामुळे कोकणातल्या कॉलेजाला स्वतःच्या परिसराची शीट मिळवणे जिकिरीचे होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि सर्वांसाठी एक अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. २०१७ मध्ये विभागाला अडीचशे वर्षे झाली, तेव्हा खुल्या मालिकेचे नकाशे नागरिकांना संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येऊ लागले. नव्या मालिकेत क्रमांक बदलले आहेत. पुण्याच्या शीटचा क्रमांक ई४३ ने सुरू होतो.

जुनी शीट हाताशी असेल तर ती मात्र टाकू नका. समासात सर्वेक्षणाचे वर्ष छापलेले असते. उजनी धरणाच्या आधीच्या शीटवर भीमाकाठी जी गावे दिसतात, त्यांतली कित्येक आज जलाशयाखाली आहेत. इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचे देऊळ पाणी फार खाली गेले की उघडे पडते. जुनी आणि नवी शीट शेजारी ठेवून दोहोंतला फरक शोधा म्हटले, तर वर्गाला दोन तास पुरत नाहीत.

शिक्षकांना एवढेच सुचवतो. आपल्या शाळेची शीट उतरवून घ्या आणि तालुक्याच्या गावी प्लॉटर असेल तिथे ए-वन कागदावर छापून आणा. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा. नाहीतर आकार बदलतो, १:५०,००० हे संख्याप्रमाण खोटे पडते आणि फक्त रेषाप्रमाण खरे राहते. (हाही परीक्षेतला प्रश्न आहे, इथे तो आपोआप शिकवून होईल.) होकायंत्राने उत्तर जुळवून शीट व्हरांड्यात जमिनीवर पसरा आणि मुलांना शाळा शोधू द्या. घाटरस्त्यावर दोरा ठेवून लांबी मोजा, मग तीच दोन टोके सरळ पट्टीने मोजा. शेवटी सगळ्यांत जवळची काळी रेषा निवडा आणि त्या ओढ्यापर्यंत वर्ग चालत न्या. तिथे पोहोचल्यावर काय पाहायचे आणि वहीत काय टिपायचे, ते पुढच्या आठवड्यात.