घडीची सायकल नेमकी तुटते कुठे?

गाडीच्या डिकीत टाकून भिगवणला न्यायची आणि उजनीच्या काठाने कुंभारगावापर्यंत पक्षी बघत फिरायचं, एवढ्यासाठी घडीची सायकल घेणारे आता कमी नाहीत. बारामतीत कामावर जायला, इंदापुरात भाड्याच्या खोलीत ठेवायलाही ती सोयीची पडते. पण एखाद्याची फ्रेम चिरली की गावभर निकाल लागतो: घडीची ती, तिचं काही खरं नाही! या निकालामागे काही गैरसमज आहेत. उलट बाजूला निर्धास्त मालकांचेही गैरसमज आहेतच. दोन्ही तपासून पाहू.

गैरसमज: बिजागरी आहे, म्हणजे तिथेच मोडणार.

वस्तुस्थिती: बिजागरीची पिन क्वचितच तुटते. चीर धरते ती बिजागरीची जाड पाती पातळ भिंतीच्या नळीला वेल्ड केलेली असते त्या कडेला. जाड आणि पातळ भाग जिथे भेटतात तिथे ताण एकवटतो, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा धातू मऊ पडलेला असतो.

घडीच्या सायकलीची तुलना नकळत होते ती आपल्या काळ्या सायकलीशी. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून वर्षानुवर्षं वस्ती ते डेअरी फेऱ्या मारणाऱ्या त्या सायकलीची फ्रेम दोन त्रिकोणांची असते. तिच्या नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या बाहीत, बसवून पितळेच्या झाळीने जोडलेल्या. त्यातली एक नळी चिरली तरी बाकीच्या काही काळ भार पेलतात. बहुतेक घडीच्या सायकलींत पुढचा त्रिकोणच नसतो. एकच जाड नळी, तीही मधोमध कापून बिजागरीने जोडलेली. ती कमजोर असतेच असं नाही, पण ती गेली तर तिच्या जागी भार घ्यायला दुसरी नळी नाही. खरा फरक तो हा.

गैरसमज: लोखंडी फ्रेम तुटत नाही, ॲल्युमिनियम तकलादू.

वस्तुस्थिती: ॲल्युमिनियमची घनता घनसेंटीमीटरला 2.7 ग्रॅम, पोलादाची 7.85. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून त्याच्या नळ्या जाडजूड करतात. फ्रेम नीट आखली असेल तर दोन्ही धातू टिकतात. ब्रॉम्प्टन कंपनीच्या बहुतेक घडीच्या सायकलींची मुख्य फ्रेम पोलादाची असते, डाहोन कंपनीच्या बऱ्याच सायकली ॲल्युमिनियमच्या. दोन्ही जगभर चालतात.

फरक आहे तो थकव्यात. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात न तुटणारा धातू कमी ताण लाखो वेळा दिल्यावर तुटतो. पोलादाला ताणाची एक मर्यादा असते. तिच्या खाली राहिलात तर थकव्याची चीर पडत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. छोटा ताणही हिशेबात जमा होत राहतो.

म्हणून पोलाद घेऊन निश्चिंत व्हावं का? तेही नाही. वेल्डची कड आणि गंज यांच्यापुढे पोलादाची ती मर्यादा टिकत नाही. कालव्याच्या पट्ट्यातल्या क्षारपड रानातला चिखल बिजागरीत बसला आणि तसाच वाळला, तर लोखंडी फ्रेमही आतून खाल्ली जाते.

गैरसमज: मर्यादा 100 किलोची, माझं वजन 80. मग काळजी कसली?

वस्तुस्थिती: ही मर्यादा बहुधा चालक आणि सामान धरून असते. ब्रॉम्प्टन दोन्ही मिळून 110 किलो सांगते. पाठीवरची सॅक, कॅमेरा, कॅरिअरवरची पिशवी, सगळं त्यातच मोजायचं.

त्याहून महत्त्वाचा आहे रस्ता. 20 इंची चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा खोल उतरतं आणि कडेवर जास्त उभ्या कोनात आदळतं. गंमत अशी, की लहान चाक स्वतः मजबूत असतं, कारण त्याचे स्पोक आखूड. दणका झिरपतो तो चिमट्यातून फ्रेमकडे आणि बिजागरीकडे. ऊस हंगामात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते किंवा नीरा डाव्या कालव्याकडेची मुरमाची वाट, इथे हे रोजचंच. वेल्ड केलेल्या सांध्यांचा ढोबळ नियम सांगतो, की ताण दुप्पट झाला तर आयुष्य सुमारे आठवा भाग उरतं. खड्डा दिसला की सीटवरून उठून हात-पाय सैल सोडले, तरी फ्रेमचे हाल पुष्कळ कमी होतात.

गैरसमज: प्रमाणित सायकल म्हणजे कायमची हमी.

वस्तुस्थिती: शहरी सायकलींच्या युरोपीय चाचणीत पायडलवर 1000 न्यूटनचा, म्हणजे जवळपास 100 किलो वजनाइतका जोर 1 लाख वेळा देतात. बारामती ते इंदापूर सुमारे 50 किलोमीटर. ताशी 15 च्या वेगाने आणि मिनिटाला 60 फेऱ्यांनी पायडल मारलं तर 12 हजार फेरे होतात. आठ-नऊ खेपांत लाख पूर्ण! मात्र सपाटीवर आपला जोर 1000 न्यूटनच्या जवळपासही नसतो, म्हणून हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. पण त्या चाचणीत गंज, मुरूम आणि बिजागरीचा अर्धवट बसलेला लिव्हरही नसतो, हे विसरू नये.

गैरसमज: लिव्हर जितका आवळाल तितकं सुरक्षित.

वस्तुस्थिती: ढिल्या बिजागरीचे दोन्ही चेहरे एकमेकांवर घासतात आणि प्रत्येक दणका वेल्डवर जातो. अति आवळली तर लिव्हर किंवा क्लॅम्पलाच चीर पडते. लिव्हर अर्ध्या वाटेवर जड लागावा, तळहाताच्या दाबाने मिटावा आणि सेफ्टी कडी आपसूक बसावी. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवा. बिजागरीत कटकट जाणवली तर नट किंचित फिरवून जुळवणी करा. हँडलच्या उंच दांड्याची बिजागरीही तशीच तपासा. ती दगा देते तेव्हा माणूस थेट तोंडावर पडतो.

गैरसमज: चीर पडली तर आर्गन वेल्डिंग मारून घेऊ.

वस्तुस्थिती: एमआयडीसीत आर्गनचे उत्तम कारागीर आहेत, प्रश्न हाताचा नाही. सायकलीत सर्रास वापरलं जाणारं 6061 ॲल्युमिनियम उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेलं असतं. वेल्ड केलं की त्या जागची ताकद निम्म्याच्या आसपास येते. ती परत आणायला अख्खी फ्रेम सुमारे 530 अंशांवर तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा 160-175 अंशांवर काही तास ठेवावी लागते. असं न करता मारलेला टाका दिसायला छान, पण नवी चीर बहुधा त्याच्याच शेजारी धरते. पोलादी फ्रेम जोडता येते. तरी बिजागरीजवळ नळी जराशी वाकली तर घडी नीट बसत नाही. बिजागरीजवळ चिरलेली ॲल्युमिनियम फ्रेम बदलणं हाच उपाय.

मग करायचं काय?

महिन्यातून एकदा सायकल धुवून, पुसून, उलटी करा. चालकाच्या वजनाने मुख्य नळीची खालची बाजू ताणात येते, म्हणून आधी तिथे बघा. बिजागरीच्या दोन्ही बाजूंचे वेल्ड, हँडलच्या दांड्याचा तळ, सीटपोस्ट शिरतो ती कड, पायडलचा सांधा आणि मागचं चाक बसतं ती खाच, एवढ्या जागा पुरेत. टॉर्च आडवा धरा आणि सुती फडकं वेल्डवरून फिरवा. धागा अडकला किंवा रंगावर केसासारखी काळसर रेघ दिसली तर नख लावून पाहा. रेघेच्या दोन्ही टोकांना पेनने खूण करा. ती खुणेपुढे सरकली तर ती चीरच. आणि रेघ वेल्डवर असेल तर सरकण्याची वाट न बघता सायकल बाजूला ठेवा. सीटपोस्ट त्यावरच्या किमान खुणेपेक्षा वर ओढू नका.

चीर सापडली की तारखेसह फोटो, बिल आणि फ्रेमवर कोरलेला क्रमांक सांभाळून ठेवा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. उत्पादनातल्या दोषाची तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत. परस्पर वेल्डिंग करून घेतलंत, तर दोष मुळातला होता हे सिद्ध करणं अवघड जातं.