आखो एक डाव

गाणं चार मिनिटांचं, पण टाइमलाइनवर त्याचे टेक एकावर एक असे चढलेले की शेवटचा ट्रॅक बघायला पडदा वर सरकवावा लागतो. धुळ्यातल्या एका छोट्या एडिटिंगच्या खोलीत मी हे काम बघत बसलो होतो. अहिराणी गाणं होतं. निम्मं शूट लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी झालेलं, निम्मं रावेरकडच्या केळीच्या बागेत. तेच कडवं कधी लांबून, कधी जवळून, कधी नुसत्या पावलांचं, कारण सेटवर कुणी ना कुणी दर वेळी ‘आखो एक डाव’, म्हणजे आणखी एकदा, म्हणतोच. आता हा सगळा पसारा स्टुडिओत रेकॉर्ड झालेल्या मूळ गाण्यावर बसवायचा होता.

‘केसावर फुगे’ किंवा ‘झुमका वाली पोर’सारखी गाणी खानदेशाबाहेरच्या हळदींमध्येही वाजली. त्यांच्या चालीबद्दल आणि नाचाबद्दल लोक भरभरून बोलतात. ओठ आणि शब्द जुळल्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते जुळलेले असतात. माझ्या मते या गाण्यांतली सगळ्यात चिवट मेहनत तिथेच आहे.

एडिटर प, ब आणि म शोधत होता. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. गाण्याच्या आलेखात ‘प’च्या आधी एक बारीकशी फट दिसते, आणि त्याच फ्रेममध्ये नायिकेचे ओठ मिटलेले हवेत. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की तो प्रेक्षकाला जाणवतो, मागे राहिला तर मात्र सव्वाशेपर्यंत खपून जातो, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत नोंदलेलं आहे. लांबच्या बांधावर कुणी कुऱ्हाड चालवली तर घाव आधी दिसतो, आवाज नंतर पोहोचतो. मागून येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय असते, पुढे धावणाऱ्या आवाजाची नाही.

टेक जुळवायची रुळलेली पद्धत कानाची. शूटला स्पीकरवर गाणं वाजतं, कॅमेऱ्याचा माइक ते टिपतो, आणि सॉफ्टवेअर त्या कच्च्या आवाजाचा आलेख मूळ गाण्याच्या आलेखाशी ताडून पाहतं. बंद खोलीत हे छान चालतं. लळिंगला महामार्गावरचे ट्रक मध्ये येतात, केळीच्या बागेत वारा आणि पाण्याची मोटर. त्याहून मोठी अडचण खुद्द गाण्यात आहे. ध्रुवपद चार वेळा येतं आणि चारही वेळा आलेख सारखाच दिसतो. मग तिसऱ्या ध्रुवपदाचा टेक सॉफ्टवेअर बिनदिक्कत पहिल्यावर नेऊन ठेवतं.

अंतराचाही हिशोब आहे. ४२ अंशांच्या उन्हात आवाज सेकंदाला सुमारे ३५७ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये १४ मीटर. स्पीकर नायिकेजवळ आणि कॅमेरा लांब पल्ल्याची लेन्स लावून ४० मीटरवर असेल, तर कॅमेऱ्याला गाणं जवळपास तीन फ्रेम उशिरा ऐकू येतं. आवाजावरून जुळवलेल्या त्या टेकमध्ये ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. एकटा टेक कदाचित खपेलही, पण त्याला लागून क्लोजअप लावला की कट अडखळतो.

म्हणून या टोळीने टाइमकोड वापरायला सुरुवात केली आहे. तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा प्रत्येक फ्रेमचा स्वतःचा पत्ता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओटेपच्या संपादनासाठी ही पद्धत आली, कारण फिल्मची पट्टी उजेडात धरून बघता येते, टेपवरचं चित्र डोळ्यांना दिसत नाही. हा पत्ता आवाजाच्या रूपातही लिहिता येतो, दर फ्रेमला ८० बिट. ऐकायला तो कर्कश किरकिराट असतो. युक्ती अशी की स्टिरिओ फाइलमध्ये डावीकडे गाणं ठेवायचं आणि उजवीकडे हा किरकिराट. डावी बाजू स्पीकरला, उजवी वायरलेस माइकच्या ट्रान्समीटरमधून थेट कॅमेऱ्याच्या माइक-जॅकला. गाणं मधल्या कडव्यापासून वाजवलं तरी त्या कडव्याचा पत्ता टेकबरोबर नोंदला जातो. चारही ध्रुवपदांचे पत्ते वेगळे, त्यामुळे घोटाळ्याला जागा नाही.

कॅमेऱ्याचा स्वतःचा टाइमकोड इथे उपयोगाचा नसतो. ‘रेक रन’वर असेल तर तो रेकॉर्डिंग चालू असतानाच पुढे सरकतो आणि ‘फ्री रन’वर घड्याळासारखा अखंड चालतो. गाण्याचं कितवं सेकंद वाजतंय हे दोघांनाही ठाऊक नसतं.

शूटवर यासाठी बारीक काळजी घ्यावी लागते. स्पीकर दोन्ही बाजू एकत्र करून वाजवणारा असेल तर सगळ्या शिवाराला किरकिराट ऐकू जातो, म्हणून आधी वायरनेच बाजू वेगळ्या कराव्या लागतात. वायरलेस माइकचं नॉइज कॅन्सलेशन बंद हवं, नाहीतर ते टाइमकोडलाच गोंगाट समजून पुसायला लागतं. आणि ब्लूटूथ स्पीकर नकोच. त्यात गाणं पाचेक फ्रेम उशिरा वाजू शकतं. नायिका त्या उशिरा आलेल्या गाण्यावर ओठ हलवते, टाइमकोड मात्र वेळेवर पोहोचलेला असतो. मग संपूर्ण दिवसाच्या टेकमध्ये आवाज चित्राच्या पुढे धावतो, म्हणजे नेमका खटकणारा दोष. सगळे टेक सारखेच मागेपुढे सरकवून तो काढता येतो, पण दुपारी कुणी स्पीकर बदलला असेल तर तेही नाही.

खोलीतलं काम त्यानंतर झटपट होतं. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप निवडून ‘अपडेट टाइमकोड फ्रॉम ऑडिओ ट्रॅक’ दिलं की प्रत्येक टेकला गाण्यातला पत्ता मिळतो. त्या पत्त्यांवरून मल्टिकॅम क्लिप बनवली की बागेतले, किल्ल्याखालचे सगळे टेक आपापल्या ओळीवर जाऊन बसतात. गाणं वाजू लागतं, पडद्यावर चौकटींची जाळी हलते, आणि आवडला तो चेहरा निवडत कट पडत जातात. एडिटरने एका क्लोजअपवर थांबून ‘म’ तपासला. मागे बसलेला निर्माता म्हणाला, “आते जुयनं, दादा.”

ड्रोनचे टेक यात येत नाहीत. त्याला माइक नसतो आणि टाइमकोडची वायर जोडायला जॅकही नसतो. ते हातवाऱ्यांवरून, नाचातल्या टाळीवरून डोळ्यांनीच जुळवावे लागतात. स्लो मोशनसाठी गाणं दुप्पट वेगाने वाजवून ५० फ्रेमवर शूट करतात आणि मग २५ वर मंद करतात. हालचाल संथ होते, ओठ मूळ गाण्याला धरून राहतात. पण त्या दुप्पट वेगाला उजवीकडचा पत्ता कामाचा राहत नाही, म्हणून हे टेक वेगळ्या बिनमध्ये ठेवलेले होते आणि त्यांचे प, ब, म एकेक फ्रेम पुढेमागे करत शोधणं चालू होतं. पुढच्या शूटची फाइल एडिटरने आधीच तयार करून ठेवली होती. पहिल्या गाण्याचा टाइमकोड एक तासापासून, दुसऱ्याचा दोन तासांपासून, म्हणजे कुठला टेक कुठल्या गाण्याचा हे पहिल्या आकड्यावरूनच कळेल.