रिपोर्टवरचा आकडा आणि खाटेवरचा पेशंट

मे २०२० मध्ये औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या कोरोना यादीत ‘संजयनगर, मुकुंदवाडी’ हे नाव सारखं येत होतं. चिकलठाणा एमआयडीसीत पाळीला जाणारी माणसं, एका खोलीत राहणारं अख्खं कुटुंब, पाण्याची ओढाताण. वेगळं राहा म्हटलं तरी राहायचं कुठे? तेव्हा सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर असायची: स्वॅब पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. वर्षभरात दुसरी लाट आली आणि भाषा बदलली. घाटी, मिनी घाटी या सरकारी रुग्णालयांच्या आवारात उभे असलेले नातेवाईक एकमेकांना विचारू लागले, “सीआरपी किती? डी-डायमर किती? सीटी किती आला?” आकडे घरोघरी पोचले, पण त्यांचा अर्थ सोबत पोचला नाही. त्या अर्ध्या माहितीपायी लोकांनी पैसे घालवले, झोप घालवली आणि काहींनी त्याहून अधिक काही गमावलं. त्यातून झालेले समज अजून टिकून आहेत, म्हणून हे लिहिणं.

“रक्त तपासलं की कोरोना आहे का ते कळतं”

नाही. विषाणू शोधला जातो तो नाकातल्या आणि घशातल्या स्वॅबमध्ये. सीआरपी, फेरिटिन, एलडीएच, डी-डायमर, आयएल-६ या रक्ताच्या तपासण्या विषाणू पाहतच नाहीत. शरीर त्याला कसं उत्तर देतंय, एवढंच त्या सांगतात. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की काही तासांत ते वाढतं. टायफॉइडमध्ये वाढतं, न्यूमोनियात वाढतं, दाढेखाली पू झाला तरी वाढतं. नुसत्या वाढलेल्या सीआरपीवरून “कोरोनाच आहे” असं कोणी म्हणत असेल, तर ते चूक आहे. अँटिबॉडीची तपासणी रक्तातूनच होते हे खरं, पण ती पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची किंवा लसीची खूण दाखवते. आज विषाणू आहे की नाही, हे ती सांगत नाही.

“सीटी व्हॅल्यू कमी, म्हणजे पेशंट गंभीर”

आधी एक घोळ मिटवू. स्वॅबच्या रिपोर्टवरची सीटी व्हॅल्यू वेगळी आणि छातीच्या सीटी स्कॅनचा २५ पैकी मिळणारा स्कोअर वेगळा. पहिल्यात आकडा लहान म्हणजे विषाणू जास्त. दुसऱ्यात आकडा मोठा म्हणजे फुप्फुस जास्त बाधित. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नियमाने वाचून घाबरलेली किंवा उगाच निर्धास्त झालेली घरं कमी नव्हती.

आरटीपीसीआर यंत्र विषाणूचा जनुकीय अंश दर आवर्तनात साधारण दुप्पट करत जातं. किती आवर्तनांनंतर तो यंत्राला दिसला, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. २५ आणि ३५ यांत दहा आवर्तनांचा फरक, म्हणजे विषाणूच्या प्रमाणात जवळपास हजारपटीचा. ऐकायला फार मोठं वाटतं. पण हे प्रमाण मोजलं जातं त्या काडीवर जे आलं त्याचं. काडी नाकात नीट आतपर्यंत गेली का, नमुना थंड राहिला का, किट कोणतं, आजाराचा कितवा दिवस, या सगळ्यांनी आकडा हलतो. लक्षणं सुरू होण्याच्या आसपास आणि पहिल्या काही दिवसांत घशातला विषाणू सर्वाधिक असतो. फुप्फुसाचा त्रास मात्र बऱ्याचदा दुसऱ्या आठवड्यात वाढतो, तेव्हा घशातला विषाणू ओसरायला लागलेला असतो. म्हणून १८ आलेला तरुण घरीच बरा होतो आणि ३१ आलेल्या आजोबांना ऑक्सिजन लागतो. आयसीएमआरने २०२० मध्येच सांगितलं होतं की सीटी व्हॅल्यूवरून आजाराची तीव्रता ठरवू नये. २४ च्या पुढचे रुग्ण निगेटिव्ह धरावेत का, हा प्रश्न २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातून पुढे आला, तेव्हाही उत्तर नकाराचंच होतं. मर्यादा ३५ चीच राहिली, कारण ती खाली आणली असती तर संसर्ग पसरवू शकणारी माणसं मोकळी सुटली असती.

“पंधरा दिवसांनी पुन्हा पॉझिटिव्ह, म्हणजे विषाणू गेलाच नाही”

आरटीपीसीआरला जिवंत विषाणू आणि त्याचे मेलेले तुकडे यांत फरक कळत नाही. असे तुकडे कित्येक आठवडे सापडू शकतात. सौम्य आजारात मात्र दहा दिवसांनंतर जिवंत विषाणू क्वचितच मिळतो. म्हणूनच ८ मे २०२० पासून केंद्राने सौम्य रुग्णांना घरी सोडण्यासाठी निगेटिव्ह रिपोर्टची अट काढली. तरी कामावर परत घेताना निगेटिव्ह रिपोर्ट मागणारे होतेच, आणि रोजंदारीवरच्या माणसाचे त्यात हकनाक दिवस बुडाले.

“कालच्यापेक्षा आकडा वाढला, आजार बळावला”

इथे जरा थांबून रिपोर्टचा कागद हातात घ्या. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात एकक छापलेलं असतं. समजा सोमवारी एका लॅबमध्ये सीआरपी ८.५ आला आणि गुरुवारी दुसरीकडे ६०. घरात रडारड सुरू होते. पण पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे, दुसरा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. सोमवारचे ८.५ म्हणजे ८५. तिथून ६० वर आलेला पेशंट सुधारतोय. डी-डायमरचंही तसंच: एका कागदावर ०.९, दुसऱ्यावर ९००, आणि दोन्ही एकच, कारण एक मायक्रोग्रॅममध्ये आणि दुसरा नॅनोग्रॅममध्ये. शक्यतो एकाच लॅबमधून तपासणी करा म्हणतात, ते याचसाठी.

डी-डायमर ही रक्तातल्या गुठळ्यांची खूण; त्याची मर्यादाही सगळ्यांना सारखी नाही. तो वयाबरोबर वाढतो, गरोदरपणात आपोआप वाढतो, बरं झाल्यावरही काही आठवडे चढलेला राहू शकतो. नुसता तो आकडा पाहून मनानेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. लोह साठवणाऱ्या फेरिटिनची गत उलटी. अंगात लोह कमी असलेल्या बाईचं फेरिटिन मुळातच खाली असतं, त्यामुळे ते ‘नॉर्मल’ दिसलं तरी निर्धास्त होता येत नाही.

माझ्या मते या सगळ्यांत साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, उगाच दुर्लक्षित राहिली. ती स्वस्त आहे, कुठल्याही लहान लॅबमध्ये होते, आणि लिम्फोसाइट पेशी घसरत असतील तर वेळेवर सावध करते. महागडी आयएल-६ सौम्य रुग्णाच्या उपचारात काहीच बदलत नाही. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये हेच बजावलं होतं: आजार सौम्य असेल आणि ऑक्सिजन व्यवस्थित असेल, तर सीटी स्कॅन आणि या तपासण्यांमागे धावू नका.

“सीआरपी वाढला की स्टेरॉइड सुरू करावं”

सगळ्यांत घातक समज हा. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये दिसलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना काही फायदा झाला नाही, उलट नुकसानीची शक्यता दिसली. टोसिलिझुमॅब या औषधाचंही तसंच. त्या चाचणीत ते दिलं गेलं ते सीआरपी ७५ किंवा जास्त आणि शिवाय ऑक्सिजन कमी, अशा रुग्णांना. दोन्ही अटी एकत्र. आपल्याकडे अनेकांनी निम्मी अट वाचली. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच स्टेरॉइड पोटात गेलं, साखर भडकली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) डोळे आणि जबडे गमावलेले रुग्ण घाटीत आणि शहरातल्या खासगी दवाखान्यांत दाखल होत राहिले. त्यांत मधुमेही फार होते.

पुढच्या वेळी घरात कोणाला असा ताप आला, तर लॅबच्या आधी बोटाला ऑक्सिमीटर लावा. बसून मोजा, मग सहा मिनिटं घरातल्या घरात चालवून पुन्हा मोजा. आकडा ९४ च्या खाली गेला, चालल्यावर तीन-चारने घसरला किंवा बसल्या जागी श्वास मिनिटाला २४ च्या वर गेला, तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखान्यात न्या. ऑक्सिजन चांगला असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या तेवढ्या करा, आधीचे कागद तारखेनिशी सोबत न्या, आणि मेडिकलवाल्याने रिपोर्ट पाहून दिलेली स्टेरॉइडची गोळी घेऊ नका.