रँचवरची गाय आणि टॅक्सची वजावट

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणे उरकत आली की गप्पांची गाडी हमखास टॅक्सवर येते. मागच्या गणेशोत्सवातही तसेच झाले. आपल्यातलाच एक तरुण डॉक्टर मला म्हणाला, "काका, ह्यूस्टनच्या बाहेर रँच घ्यायचा विचार आहे. थोड्या गाई ठेवायच्या, तोटा दाखवायचा आणि तो पगारातून वजा करायचा. सगळे श्रीमंत लोक हेच करतात ना?"

मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. पंधरा वर्षांपूर्वी, अशाच एका कार्यक्रमात, हेच वाक्य मी एका मित्राच्या तोंडून ऐकले होते आणि लगेच पटवूनही घेतले होते. त्या रात्री डॉक्टरांना जे सांगायचे राहून गेले ते इथे लिहितो.

आधी ही समजूत आली कुठून ते पाहू. ती निराधार नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत आयकराचा सर्वात वरचा दर प्रथम ९१ टक्के होता आणि १९६५ पासून ७० टक्के झाला. शेतकऱ्याला हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवायची मुभा होती, म्हणजे चाऱ्याचे पैसे ज्या वर्षी दिले त्याच वर्षी खर्च दाखवायचा. ही सवलत लहान शेतकऱ्याला वह्या ठेवणे सोपे जावे म्हणून होती. पण तिचा उपयोग शहरातले डॉक्टर, वकील आणि हॉलिवुडचे नटही करू लागले.

गणित असे. समजा, पैदाशीची कालवड वाढवायला १०० डॉलर खर्च आला. ७० टक्क्यांच्या दराने त्या खर्चापायी ७० डॉलर टॅक्स वाचला. पुढे तीच गाय १०० डॉलरलाच विकली. धंद्यात नफा शून्य. पण विक्रीवर टॅक्स लागायचा तो भांडवली नफ्याचा, जास्तीत जास्त २५ टक्के. ७० वाचले, २५ भरले, ४५ डॉलर खिशात. गाईने एक पैसा मिळवून दिला नाही, तो दिला सरकारी तिजोरीने! डिसेंबरात पुढच्या वर्षाचा चारा आगाऊ खरेदी करून टॅक्स एक वर्ष पुढे ढकलणे हा दुसरा प्रकार.

कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी १९७० सालचा राज्याचा आयकर भरला नव्हता, हे १९७१ मध्ये बाहेर आले. कारण धंद्यातील तोट्याचे देण्यात आले आणि त्यांची गुरांमधली गुंतवणूकही चर्चेत आली. त्यात बेकायदा काही नव्हते. कायदाच तसा होता.

मग काँग्रेसने एकेक दार बंद करायला सुरुवात केली. १९६९च्या कायद्याने भांडवली नफ्याच्या सवलतीसाठी गाय किमान २४ महिने बाळगणे आवश्यक केले आणि छंद व धंदा यांतला फरक ठरवणारा नियम आणला. १९७६ मध्ये, आपली जेवढी रक्कम खरोखर धोक्यात आहे तेवढाच तोटा दाखवता येईल, असे ठरले. १९८६च्या कायद्याने तर मुळावरच घाव घातला. ज्या धंद्यात तुम्ही स्वतः भरीव काम करत नाही, त्याचा तोटा पगारातून वजा करता येत नाही, तो तसाच साठून राहतो. गंमत म्हणजे २२ ऑक्टोबर १९८६ रोजी या कायद्यावर सही केली ती अध्यक्ष रेगन यांनीच.

केवळ टॅक्ससाठी गुरांत पैसे घालणाऱ्यांना बाजारानेही धडा दिला. मार्च १९७३ मध्ये निक्सन सरकारने बीफच्या किमतीवर मर्यादा घातली. मर्यादा उठल्यावर भाव वाढतील म्हणून लोकांनी गुरे रोखून धरली. सप्टेंबरात ती उठली आणि भाव कोसळले. चारा आणि धान्य मात्र महागले. १९७४ मध्ये गुरे पोसणाऱ्यांचे प्रचंड नुकसान झाले. टॅक्स वाचला, पण मुद्दल गेले.

आता माझी गोष्ट. २०१० मध्ये मी आणि माझ्या मित्राने ह्यूस्टनपासून दोन तासांवर ५२ एकर जमीन आणि १४ गाई घेतल्या. सातारा जिल्ह्यात माझ्या वडिलांनी आयुष्यभर दोन म्हशी सांभाळल्या. त्यांना मी फोनवर अभिमानाने बातमी दिली. त्यांनी विचारले, "दूध किती देतात?" मी म्हणालो, "अण्णा, इथे दूध काढायचे नसते." पलीकडे बराच वेळ शांतता.

१४ गाईंना ११ वासरे झाली. सात-आठ महिन्यांची झाल्यावर लिलावात सरासरी ६०० डॉलरच्या भावाने ६,६०० डॉलर आले. कुंपण, गवत, डिझेल, ट्रॅक्टरची दुरुस्ती, जनावरांचा डॉक्टर आणि राखणदाराचा पगार मिळून खर्च झाला २१,००० डॉलर. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! तोटा १४,४००, माझ्या वाट्याला ७,२००. मी मनात म्हटले, चला, टॅक्स तरी वाचेल. मार्चमध्ये सी.पी.ए.ने विचारले, "तुम्ही तिथे वर्षात किती तास काम केले?" महिन्यातून दोन शनिवार, आठ-आठ तास, म्हणजे १९२ तास. नियम साधारण ५०० तासांचा. १०० तासांवरही भागते, पण मग तुमच्याहून जास्त काम दुसऱ्या कोणी केलेले नसावे. आमच्या राखणदाराने अर्थातच माझ्या कितीतरी पट काम केले होते. एक डॉलरही वजा झाला नाही.

आणि झाला असता तरी काय? माझा दर होता २८ टक्के. ७,२०० गमावून सुमारे २,००० वाचले असते. उरलेले ५,२०० माझ्याच खिशातून गेले असते. एवढा साधा भागाकार इंजिनिअर असून मी आधी केला नव्हता.

२०११ मध्ये टेक्सासमध्ये भयंकर दुष्काळ पडला. गवत मिळेना, मिळाले तर भाव विचारू नका. आम्ही हाडे दिसणाऱ्या गाई विकायला काढल्या. त्या आठवड्यात माझ्या सौ.ने, जिने वर्षभर एक शब्द काढला नव्हता, एकच प्रश्न विचारला, "अहो, ती वासरं लिलावानंतर कुठे गेली?" मला उत्तर माहीत होते. पहिल्या दिवसापासून माहीत होते. टॅक्सच्या फॉर्मवर तो रकाना नसतो, एवढेच. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण या धंद्यात उतरण्यापूर्वी घरात हे बोलणे झाले पाहिजे, ते आमच्याकडे झाले नव्हते.

पुढे जमीन शेजारच्या रँचरला चराईसाठी भाड्याने दिली. खरा फायदा झाला तो इथे, आणि तो प्रॉपर्टी टॅक्समध्ये. टेक्सासमध्ये शेतीखालच्या जमिनीवर बाजारभावाऐवजी शेती उत्पन्नाच्या हिशेबाने कर लागतो. त्यासाठी मागील सातपैकी पाच वर्षे जमीन शेतीच्या वापरात असावी लागते. वापर बदलला तर तीन वर्षांचा फरक भरावा लागतो. २०२१ मध्ये जमीन त्या रँचरलाच विकली, तेव्हा कुठे माझा अडकलेला तोटा मोकळा झाला.

आता डॉक्टरांसाठी चार गोष्टी. ट्रॅक्टर विकणारा सांगेल की १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या यंत्रावर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळतो. खरे आहे, पण ५०० तासांचा प्रश्न त्याने सुटत नाही. पाचपैकी तीन वर्षे नफा दिसला तर धंदा मानण्यास आधार मिळतो. छंद ठरला तर उत्पन्नावर टॅक्स लागतो आणि खर्च वजा होत नाही. २०२५ मध्ये वासरांचे भाव विक्रमी होते, कारण देशातली गुरांची संख्या १९५१ नंतरच्या नीचांकावर, सुमारे ८ कोटी ६७ लाखांवर आली होती. पण चढे भाव कायमचे नसतात.

आणखी एक, ज्यांची गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे त्यांच्यासाठी. भारतात शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे म्हणून ते अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवायचे नाही, असे अनेकजण समजतात. ते चूक आहे. इथल्या रहिवाशाला जगभरातले उत्पन्न दाखवावे लागते.

हा लेख म्हणजे सल्ला नव्हे, आपापल्या सी.पी.ए.ला जरूर विचारा. गाई सांभाळायची हौस असेल, उन्हात उभे राहायची तयारी असेल, तर रँच अवश्य घ्या. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. आमची दुभती नव्हती, लाथा मात्र पुरेपूर मिळाल्या.