शिलाईचे सामान दहा जणांनी मिळून कसे मागवावे?

शर्टाची बटणे, पँटची चेन, रीळ, बक्रम हे सामान डझनाने घेणाऱ्या कारागिराला त्याचा खरा भाव जाणवत नाही. रुपया-दोन रुपयांचा तर प्रश्न! पण मोठा दुकानदार तेच सामान कारखान्यातून आणतो आणि मोताळा, चिखली, मेहकरच्या मास्टरांपर्यंत ते तिसऱ्या-चौथ्या हाताने येते. प्रत्येक हाताचा नफा आपल्या मजुरीतून जातो. मजुरी वाढवावी तर गिऱ्हाईक रेडिमेडच्या दुकानात शिरते. म्हणून आठ-दहा दुकानांनी मिळून माल मागवावा, असे आमचे मत आहे. यात भाव मिळणे अवघड नाही. भांडण होते ते पैशावरून आणि उरलेल्या मालावरून, आणि ते ऑर्डरीच्या आधीच मिटवावे लागते.

बटणांचेच उदाहरण घेऊ. १४४ नगांचा एक ग्रोस. बटणाचे माप लाइनीत असते, ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाला साधारण १८ लाइनचे बटण चालते. समजा, दहा दुकानांनी प्रत्येकी ३ ग्रोस मागितले आणि कारखानदार एका रंगात १० ग्रोसपेक्षा कमी देत नाही. एकूण ३० ग्रोस झाले, म्हणजे तीनच रंग निघाले. प्रत्येकाने आपल्या पसंतीचा रंग धरला तर ऑर्डर होणारच नाही. पांढरा, काळा आणि एखादा तिसरा यांवर सर्वांनी राजी व्हावे. खास रंगाचे बटण पूर्वीसारखे बाजारातून घ्यावे.

आधी नमुना मागवावा. बटण कापडाला लावून साबणाच्या उकळत्या पाण्यात टाकावे, वरून गरम इस्त्री फिरवावी. वाकले किंवा रंग सोडला तर भाव कितीही कमी असो, परत करावे. पसंत नमुना पाकिटात घालून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. माल आल्यावर तो त्याच्याशी ताडून पाहता येतो.

आता पैसा. ज्याची पूर्ण रक्कम ठरल्या तारखेपर्यंत जमा, त्याचेच नाव यादीत. भाऊ असो की साडू. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली २८ विणकर व इतर कारागिरांनी २८ पौंड जमवून पीठ, लोणी, साखरेचे दुकान काढले, तेव्हा त्यांनीही रोखीचाच नियम ठेवला होता. जमा रक्कम ही अमानत आहे. ती गल्ल्यात मिसळू नये, वेगळ्या खात्यात ठेवावी. जो धावपळ करतो त्याचा मेहनताना मात्र उघड ठरवावा. फुकट काम करणारा दुसऱ्या खेपेला कंटाळतो, नाहीतर भावातच काहीतरी लपवतो.

बिल शक्यतो प्रत्येकाच्या नावाने वेगळे मागावे. एकाच नावावर सगळा माल आला आणि त्याने पुढे वाटला, तर जीएसटीत ती त्याची विक्री धरली जाण्याचा संभव आहे. तेव्हा कर सल्लागाराला आधी विचारावे.

सुरतेकडून येणारा महामार्ग मलकापूर, नांदुऱ्यावरून खामगावला जातो. माल मलकापुरात उतरवून राजूर घाटावरच्या सर्वांसाठी एकच गाडी करावी आणि भाडे ग्रोसवारी वाटावे. ६०० रुपये भाडे आणि ३० ग्रोस, म्हणजे ग्रोसमागे २० रुपये. खोकी निदान तिघांसमोर फोडावीत. नग मोजत बसण्याची गरज नाही: एक ग्रोस मोजून काट्यावर ठेवावा, बाकीची पाकिटे त्या वजनाशी ताडावीत. कमी निघाले तर तूट कोणा एकाच्या माथी मारू नये, सर्वांच्या वाट्यातून सारखी कापावी आणि कारखानदाराकडून भरपाई आली की तशीच वाटावी. उरलेला माल कोण, कोणत्या भावाने घेणार हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावे.

ईदचे काम हवे असेल तर रजबमध्ये यादी करावी, शाबानमध्ये माल हाती यावा. रमजान लागल्यावर मास्टरला मान वर करायला फुरसत नसते.